रिकामा क्रेट परत पाठवू नये

१२ ऑक्टोबर

धाकटे,

तुझे दोन्ही क्रेट काल पार्सलच्या गाडीने पोचले. आत जुन्या चादरी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, यांच्यासाठी विणलेला मफलर आणि सगळ्यात खाली तुझं पत्र. आईने आपल्याला दुसरं काही शिकवलं असो नसो, कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हे मात्र हाडात भिनवलं. शेजारच्या पंपवाल्या काकांनाही ती सवय तिनेच लावली. परवा त्यांच्याकडे संत्री पाठवली, तर क्रेटमध्ये सुतळीचा गुंडा टाकून परत दिला. द्यायला हाताशी काही नव्हतं म्हणून सुतळी!

तुझ्या पत्राला तुझ्या घरचा वास येतो. गोडसर, कपाटातल्या घडीच्या कपड्यांसारखा. चादरींनाही तोच. तू नाहीस तर वास तरी असू दे म्हणून पत्र उशाखाली ठेवते. हे म्हणाले, "बहिणीचं पत्र आहे की अत्तराची बाटली?" आणि फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोन लावला की हे स्पीकर चालू करून शेजारी बसतात आणि माझ्या आधी उत्तरं देतात.

आता कामाचं. तपासणी जवळ आलीय. गेल्या वर्षीचीच बाई येणार. आम्ही तिला पिशवीबाई म्हणतो. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून बागेत शिरते आणि पानं, फळं, माती, जे दिसेल ते पिशव्यांत भरून नेते. बोलते इतकं कमी की शब्दामागे पगार कापतात की काय असं वाटावं. या वर्षी नुसतं 'आम्ही औषध मारत नाही' म्हणून भागणार नाही. जोखीम तक्ता हवाय. बाहेरचं औषध आपल्या फळापर्यंत कुठून कुठून पोचू शकतं, पोचण्याची शक्यता किती, पोचलं तर नुकसान किती, आणि आपण काय काळजी घेतो. आमच्या गटात बऱ्याच बागा आणि सेंद्रिय प्रमाणपत्र सगळ्यांत मिळून एकच. एकीने घाण केली की बाकीच्यांकडेही बोटं वळतात. तू विमा कंपनीत दिवसभर हेच करतेस ना? मग बहिणीसाठी एक तक्ता कर.

मला विचारशील तर तक्त्यात काकांचा औषध फवारायचा पंप तेवढा पुरे. कुंपणापलीकडे त्याची घरघर सुरू झाली की हातातलं काम टाकून मी वारा कुठला ते बघते. आणि एवढं औषध मारून त्यांच्या कुंपणालगतच्या दोन ओळींची दशा काय, तर पानं वळलेली, फळ खरबरीत, बघवत नाही. म्हातारपणी बागेवरचं लक्ष उडालंय, दुसरं काय.

सोबत पहिल्या तोडीचा एक क्रेट पाठवतेय. फळ लवकर संपव.

तुझी संशयी (असं हे म्हणतात) ताई


२१ ऑक्टोबर

ताई,

संत्री मिळाली, गोड आहेत. तक्ता सोबत आहे.

आमच्याकडे दावा तपासायचा तर पहिला नियम असा की सगळ्यांवर संशय घ्यायचा, मग एकेकाला सोडत जायचं. दुकान जळालेला मालक ढसाढसा रडत असला तरी आधी विचारायचं, काडेपेटी कुठे होती? तुझ्या बागेलाही मी तसंच उलटंसुलटं केलंय. शेजाऱ्याचा पंप, शक्यता जास्त. वारा, जास्त. भाड्याने आणलेली अवजारं, मध्यम. धुऊन घ्या आणि धुतल्याचं लिहून ठेवा. पण शेडची किल्ली मला मुळीच आवडली नाही. तुम्ही दोघं बाहेर गेलात की किल्ली काकांकडे असते, असं तूच मागे लिहिलं होतंस. तोडलेलं फळ शेडमध्ये आणि शेडची किल्ली पंपवाल्याकडे! आमचे साहेब हे वाचतील तर तुला दारातूनच परत पाठवतील. क्रेटसमोर मात्र 'जोखीम नाही' लिहिलंय. ते आपल्या दोन घरांतच फिरतात.

क्रेटवरून आठवलं. आमची इमारत जुनी, मोरीतून झुरळं वर येतात, कितीही मारा. पण तू काळजी करू नकोस. शहरातलं काहीही जिवंत तुझ्या बागेत येऊ नये म्हणून मी क्रेट पुसून, वाळवून, नीट बंदोबस्त करूनच पाठवते. पिशवीबाईसमोर माझ्या झुरळाने मिश्या हलवल्या तर तुझी लाज जायची.

आता एक विचारू? तू पाठवलेली गटाची नियमावली मी सगळी वाचली. तुझ्याशिवाय ती वाचणारी जगात मी एकटीच असेन. त्यात म्हटलंय की कुंपणालगतच्या ओळीचं फळ प्रमाणपत्राखाली विकायचं नाही, कारण शेजारचं औषध त्यावर उडून येऊ शकतं. ते वेगळं तोडून वेगळं ठेवायचं. मग ते फळ जातं कुठे गं? सहज विचारतेय.

आणि एवढी कटकट असेल तर बाग विकून टाकू. दोघींच्या नावावर आहेच. मला गॅलरीवालं घर येईल आणि तुला झोप.

धाकटी


६ नोव्हेंबर

धाकटे,

'सहज' म्हणे. तुझं सहज मला तू रांगत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. हो, कुंपणाकडचं फळ तुझ्याकडे येतं. आमच्याही घरात तेच खाल्लं जातं. ती ओळ बाबांनी लावलेली, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गोड. ती विकता येत नाही, म्हणून आपल्या माणसांना देता येते. विष वाटत असेल तर खाऊ नकोस. आम्ही खाऊन अजून चालतो-बोलतो आहोत.

हे सगळं हसत लिहायचं ठरवलं होतं, पण हसू येत नाही. पिशवीबाई येऊन गेली. तोड जोरात चालली होती, क्रेट पुरेनात म्हणून तुझे चादरीवाले क्रेटसुद्धा घेतले होते. तिने तुझा तक्ता वाचला आणि चक्क म्हणाली, "चांगला केलाय." मग झाडांवरची पानं घेतली, शेडमध्ये दाराजवळच्या क्रेटमधली फळं घेतली आणि गेली. आज तिचा फोन आला. यांनी सवयीने स्पीकर लावला आणि पहिल्या वाक्यानंतर जन्मात पहिल्यांदा आपणहून बंद करून फोन माझ्या हातात दिला.

फळांवर औषध सापडलंय. थोडंच, पण सापडलंय. पानं स्वच्छ आहेत. सविस्तर अहवाल टपालाने येईल. तोवर माल हलवायचा नाही आणि खुलासा द्यायचा, की औषध आलं कुठून आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करणार. खुलासा पटला नाही तर हा हंगाम माझी बाग प्रमाणपत्राबाहेर. बाबांनंतर स्वतःच्या हिमतीवर मी एवढी एकच गोष्ट उभी केली, धाकटे. लोक म्हणाले होते, बाईला जमायचं नाही, पहिल्या किडीला पंप उचलेल. ते आता काय म्हणतील ते मला इथूनच ऐकू येतंय.

फोन ठेवून बाहेर आले. कुंपणापलीकडे काका पंप धूत होते. मला बघून त्यांनी हात केला. मी केला नाही.

ताई


१३ नोव्हेंबर

ताई,

आधी पाणी पी. मग शांतपणे वाच.

पानं स्वच्छ आणि फळ खराब. औषध वाऱ्याने आलं असतं तर पानांवरही सापडलं असतं. म्हणजे ते बागेत आलेलंच नाही, शेडमध्ये आलंय. आता शेडमध्ये कोण जातं ते बघ. तू, भाऊजी, आणि ज्याच्याकडे किल्ली असते तो.

मला लिहिताना वाईट वाटतंय. कलम बांधायला आपल्याला काकांनीच शिकवलं, माझं बोट कापलं तेव्हा स्वतःच्या सदऱ्याची चिंधी त्यांनीच फाडून बांधली. पण कुंपणच शेत खातं ही म्हण कुणी उगाच नाही पाडली. तुझ्या फळाला मान आहे, त्यांच्या ओळी डोळ्यांदेखत वाळतायत. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याचा मत्सर म्हातारा होत नाही. मुद्दाम केलं असेल असंही मी म्हणत नाही. औषधाने माखलेले हात घेऊन शेडमध्ये डोकावले असतील, फळ उचलून बघितलं असेल. काहीही असो, किल्ली परत घे आणि खुलाशात तसं लिही. जोखीम आपल्या हाताबाहेरची होती असं दिसलं तर तुझं प्रमाणपत्र वाचेल.

कुंपणाकडची संत्री मी समोरच्या बाईंना देऊन टाकली. रागावू नकोस, पण तुझं पत्र वाचल्यावर घशाखाली उतरेना.

क्रेट परत पाठवतेय. आत भाऊजींचे मोजे आहेत.

धाकटी


२२ नोव्हेंबर

धाकटे,

किल्ली आणली. दारातच उभी राहून म्हटलं, "काका, शेडची किल्ली द्या."

"कुठे चाललात का दोघं?"

"नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, खिशात हात घातला आणि किल्ली काढून दिली. सुतळीत बांधलेली होती. का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. तूच सांग, ज्याच्या मनात काही नसतं तो विचारतो की नाही? मी तर आकाशपाताळ एक केलं असतं.

आणि आता ऐक. गटाच्या कार्यालयात खुलासा कसा द्यायचा ते विचारायला गेले, तर टेबलावर नव्या सभासदांचे अर्ज पडलेले. सगळ्यात वर काकांचा! जन्मभर पंप खांद्यावर वागवलेला माणूस म्हणे सेंद्रिय होणार. मला एका शब्दाने बोलले नाहीत. काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय कोणी असं गुपचूप करतं? मला बाहेर काढायचं आणि माझ्या जागी स्वतः बसायचं. मी तिथल्या तिथे त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. १८ डिसेंबरला गटाची बैठक आहे, तिथे माझा खुलासा आणि ही तक्रार, दोन्हींचा निकाल लागेल. तक्रार खरी ठरली तर त्यांचा अर्ज कायमचा बाद.

हे नुसतं 'थांब जरा, थांब जरा' करतात. रोज संध्याकाळी काकांबरोबर पत्ते कुटणारा माणूस दुसरं काय म्हणणार! आता मला यांचाही भरवसा वाटत नाही. शेडला नवं कुलूप लावलंय आणि किल्ली गळ्यात घालून फिरते.

अहवाल आला. औषधाचं नाव परमेथ्रिन. दाव्यांच्या कागदांत तुझ्या बघण्यात कधी आलंय का? काका कुठून आणतात ते शोधून काढायचंय.

तुझा क्रेट पोचला. पत्राला तोच वास. सध्या जिवाला तेवढाच आधार आहे बघ.

ताई


४ डिसेंबर

ताई,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे.

तक्रार मागे घे. बैठकीच्या आधी घे. काकांचं नाव कुठेही राहू देऊ नकोस. मी चुकीचा सल्ला दिला असं समज. खुलाशात इतकंच लिही, 'स्रोत निश्चित सांगता येत नाही.' आमच्याकडे कितीतरी फायली या एका वाक्यावर बंद होतात. कारण मात्र विचारू नकोस.

माझ्याकडे आहेत ते क्रेट यापुढे परत पाठवणार नाही. तुझ्याकडे माझ्याकडून आलेले आहेत ते तोडणीला घेऊ नकोस. कडेला फुटलेत, हात कापेल.

धाकटी


८ डिसेंबर

धाकटे,

कुठेतरी पाणी मुरतंय.

बोट दाखवलंस तू, किल्ली आणायला लावलीस तू, आणि आता म्हणतेस नाव काढ, कारण विचारू नकोस! तुझं पत्र वाचून सरळ शेडमध्ये गेले आणि तुझे क्रेट एकेक करून उजेडात धरले. एकही फुटलेला नाही. मग खोटं कशाला बोललीस?

विचार करून डोकं फुटायची वेळ आली. काकांनी तुला पत्र घातलं का? का यांनी चोरून फोन केला? विचारलं तर हे म्हणतात, "मला तिचा नंबरसुद्धा पाठ नाही." मग मनात आलं ते लिहितेच. लिहिलेलं पुसणार नाही. 'स्रोत सांगता येत नाही' असा खुलासा दिला तर प्रमाणपत्र जाणार हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्रमाणपत्र गेलं की बाग माझ्याच्याने रेटणार नाही. बाग विकायला निघेल. अर्धी तुझी. गॅलरीवालं घर. तेव्हा हसण्यावारी नेलं होतं मी. ती गंमत होती, की तेव्हापासूनच मनात होतं?

बैठकीच्या आधी उत्तर दे. सरळ दे.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

हे पत्र टपालाने पाठवतेय, क्रेटमधून नाही. का, ते पुढे वाच.

आमच्या मोरीखालच्या कपाटात झुरळांच्या पुडीचा डबा असतो. तुझ्या पत्रात औषधाचं नाव वाचलं आणि ते कुठेतरी बघितल्यासारखं वाटत राहिलं. ऑफिसात जुन्या फायली काढून बघितल्या, सापडेना. घरी येऊन ओटा पुसताना डबा हाताला लागला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. परमेथ्रिन.

मी दर वेळी क्रेट पुसते, वाळवते आणि आतून ही पूड भुरभुरवते. मग चादरी, मग कागद, मग पत्र. मी लिहिलं होतं ना, नीट बंदोबस्त करते म्हणून, तो हा. तुझ्या स्वच्छ बागेत माझी झुरळं नकोत म्हणून. क्रेट पांढरे, पूड पांढरी, फटींत बसलेली दिसत नाही. त्याच क्रेटमध्ये तू फळ तोडून भरलंस.

आणि तुला येतो तो वास त्या पुडीचा आहे, ताई. आमच्या घराला असा काही वास नाही. उशाखालचं पत्र काढ, अभ्रा धुऊन टाक, हात साबणाने धू. हे आधी लिहायला हवं होतं. तू त्यावर डोकं ठेवून झोपत होतीस आणि मी 'क्रेट फुटलेत' असलं काहीतरी लिहीत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्यांवर संशय घ्या म्हणून तुला शिकवणारी मी, तक्त्यात स्वतःला धरलंच नाही. क्रेटसमोर 'जोखीम नाही' हे माझ्याच अक्षरात आहे.

लपवलं, कारण घाबरले. तुझी बाग माझ्या हाताने गेली हे तुला सांगायचं, आणि वर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मीच लावलं हेही सांगायचं, एवढं धाडस होईना. वाटलं तक्रार मागे गेली की काका सुटतील आणि माझं माझ्यापाशी राहील.

बाग मला विकायची नाही. ती गंमत होती. विश्वास ठेव, किंवा नको ठेवूस. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू.

धाकटी


२० डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी खरंच वाटलं नाही. वाटलं ही आणखी एक पळवाट. शेडमध्ये जाऊन काळं फडकं घेतलं आणि तुझ्या क्रेटच्या फटींतून फिरवलं. फडकं पांढरं झालं. नाकाशी धरलं, तर तुझ्या पत्राचाच वास. तुझी आठवण म्हणून मी ज्याला कवटाळलं होतं ते झुरळांचं औषध निघालं. हे मात्र हसले नाहीत. अभ्रा त्यांनीच धुतला.

परवा बैठक झाली. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. सांगायचं की नाही हे तिथे खुर्चीवर बसेपर्यंत ठरलं नव्हतं, खोटं कशाला लिहू. तक्रार मी मागे घेतली नव्हती. गप्प बसले असते तर कदाचित वाचलेही असते, असा विचार शेवटपर्यंत मनात होता.

पिशवीबाई उठली. तक्रार आली म्हणून तिने काकांच्या बागेतून पानं नेली होती. म्हणाली, कुंपणालगतच्या दोन ओळींवर कुठलंच औषध सापडलं नाही, कणभरही नाही. सगळे काकांकडे बघायला लागले. काका उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"हिने प्रमाणपत्र घेतलं तेव्हापासून त्या दोन ओळींना पंप लावला नाही," ते म्हणाले. "वारा हिच्या बागेकडे असतो. कीड पडली, झाडं बसली, पण जगली. म्हटलं ही जगतात तर बाकीचीही जगतील. म्हणून अर्ज केला."

"मग हिला का नाही सांगितलं?" कुणीतरी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? शेजार आहे."

मी ज्याला म्हातारपण म्हणत होते ना, धाकटे, ते हे. त्यांची झाडं माझ्यासाठी वाळत होती आणि मी इकडून नाकं मुरडत होते. पुढे मला बसवेना. उठले आणि सगळं सांगितलं, क्रेट, पूड, चादरी. तुझं नाव घेतलं नाही, 'बाहेरून आलेले क्रेट न धुता वापरले' इतकंच. जबाबदार कोण विचारलं तेव्हा 'मी' म्हटलं. क्रेट शेडमध्ये मीच घेतले होते.

हंगाम गेला. बाकीच्या क्रेटमधली फळं स्वच्छ निघाली, पण कुठलं फळ कुठल्या क्रेटमधून फिरलं ते आता सांगता येत नाही, म्हणून सगळाच माल साध्या बाजारात. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. काकांचा अर्ज मंजूर झाला. आणि गंमत बघ, कुंपणाकडच्या ज्या ओळीची फळं तू समोरच्या बाईंना दिलीस, तिच्यावर काकांच्या औषधाचा शिंतोडाही कधी उडाला नव्हता.

बाहेर मी काकांच्या मागे धावले. गळ्यातली किल्ली काढून पुढे केली. "काका, ठेवा."

"राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "माझं काय काम शेडमध्ये."

रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

तुझ्यावर राग आहे. पुडीचा नाही, ती मायेनेच टाकलीस. डबा हातात धरून तू गप्प बसलीस त्याचा आहे. गॅलरीचं लिहिलं त्याची मला लाज वाटते, पण पुसणार नाही म्हटलं होतं, तर ते तसंच राहील. आपण दोघी एकाच आईच्या, दुसरं काय.

नव्या क्रेटमध्ये कुंपणाकडची संत्री पाठवतेय. खायची की वाटायची ते तू ठरव. क्रेट मात्र या वेळी रिकामा परत पाठव. मोजे नकोत, कागद नकोत, पत्रसुद्धा नको. पत्र टपालाने.

ताई


३० डिसेंबर

ताई,

संत्री मी खाल्ली. सगळी मीच. समोरच्या बाई दोनदा डोकावून गेल्या, त्यांना एक फोडही दिली नाही.

पुडीचा डबा घरातून घालवला. झुरळं आहेत, मजेत आहेत. क्रेट गरम पाण्याने धुतला, गच्चीत उन्हात ठेवला आणि रिकामा पाठवला. गाडीवाला उचलून बघतो आणि म्हणतो, "ताई, आत काही ठेवायचं विसरलात वाटतं." मी म्हटलं, "नाही, असाच जाऊ दे." घरी परत येईपर्यंत आईने मागून हाक मारल्यासारखं वाटत होतं.

काका बोलायला लागले का?

धाकटी


७ जानेवारी

धाकटे,

क्रेट आला, रिकामा. तुझं पत्रही आलं. त्याला शाईखेरीज कसला वास नाही. दोन्ही मी नाकाला लावून बघितली, राग मानू नकोस. तू सांगतेस ते खरंच असणार हे मला माहीत आहे, तरी क्रेट पुन्हा धुतला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं झालंय.

मग त्यात बाबांच्या ओळीची संत्री भरली, निवडून, पान ठेवून, आणि स्वतः काकांकडे घेऊन गेले. बोलायचं काय ते वाटेत तीनतीनदा घोकलं होतं. ते दारात आले. "काका, मी चुकले," एवढंच जमलं.

"गोड दिसतायत," ते म्हणाले. क्रेट माझ्या हातातून घेतला, जड आहे म्हणून सांभाळून घेतला. आत ये म्हणाले नाहीत.

संध्याकाळी हे पत्ते खेळायला गेले होते ते लवकर परतले. त्यांच्या मागे फाटकाशी काकांनी परत ठेवलेला क्रेट मला दिसला. मी चपला न घालता धावत गेले. आत हात घालून बघितलं, तळाशी, चारही कोपऱ्यांत, फटींतसुद्धा बोट फिरवलं. सुतळीचा तुकडाही नव्हता.

ताई